ड्रायव्हरचं ताट

१

सन दोन हजार नऊ. मे महिना, दुसरा आठवडा, सोमवार. ऊन असं की सकाळी आठला स्टिअरिंगला हात लावला तरी चटका बसायचा. माझ्या नातीची शाळेची शेवटची परीक्षा शनिवारी संपली होती. तिला आणि तिच्या तीन दोस्तांना मला चार दिवस खायला घेऊन जायचं होतं.

फिरायला नव्हे, खायला. कुठे काय चांगलं मिळतं याची त्यांनी वर्षभर वही भरली होती. अभ्यासाची वही इतकी भरली असती तर बरं झालं असतं, असं माझी लेक म्हणाली. ही वही ज्याच्याकडे होती त्याला सगळे मास्तर म्हणायचे. जाड चष्म्याचा, किडकिडीत मुलगा. दुसरा ड्रम. नाव का पडलं ते सांगायला नको. तिसरी मुलगी काडी, तिचंही तसंच. माझ्या नातीला ते मॅडम म्हणायचे, कारण ती सगळ्यांवर हुकूम सोडायची. मी तिला पोरी म्हणतो.

मी चौथी शिकलेला माणूस. चौतीस वर्षं गाडी चालवली, त्यातली शेवटची अकरा स्वतःची. दहा सीटांची. कुणाचा एक पैसा ठेवला नाही आणि कुणाचं फुकट खाल्लं नाही. हे दुसरं जरा सांगितलं पाहिजे.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मोठ्या रस्त्यावरच्या खाणावळींत ड्रायव्हरला जेवण फुकट असतं. गिऱ्हाईक बाहेर बसतं, ड्रायव्हर आत, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. तुम्ही माणसं आणलीत, म्हणून तुमचं ताट. सगळे खातात. मी कधी खाल्लं नाही. मी आणलेली माणसं म्हणजे काही बाजाराला आणलेली मेंढरं नव्हेत. माझा डबा माझ्या सीटखाली असतो. पाव, कांदा, उकडलेली अंडी. गाडीत माझा स्टोव्ह असतो, पातेलं असतं, पाण्याचा कॅन असतो. चौतीस वर्षं असंच.

"आबा, तुम्ही पण या ना आमच्याबरोबर बसायला," नात म्हणाली.

"मी गाडीत बरा आहे," मी म्हणालो.

"राहू दे गं," ड्रम म्हणाला. "आबा आले तर मार्क कोण देणार? ते सगळ्यांनाच नापास करतील."

२

मार्कांची गोष्ट अशी. परीक्षा देऊन पोरं कंटाळली होती, म्हणून आता ती परीक्षा घेणार होती. प्रत्येक खाणावळीला शंभरपैकी मार्क. मास्तर वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी समुद्रावर मासे खाल्ले. तिथे अर्धा तास भांडण चाललं.

"ऐंशी."

"ऐंशी काय, ऐंशी? लिंबू कुठे होतं? सत्तर."

"लिंबाचे दहा मार्क? तू काय बोर्डाचा पेपर तपासतोयस?"

"ग्रेसचे पाच दे मग. त्या काकांनी काडीला तुकडा जास्त वाढला."

"तो दयेपोटी वाढला," ड्रम म्हणाला. काडीने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

दुसरी एक पैज होती. चार दिवसांत ज्याचं वजन जास्त वाढेल तो जिंकला. बस स्थानकावर नाणं टाकून वजन करायचं यंत्र होतं, पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. चौघं एकेक करून चढली. माझी नात सत्तेचाळीस किलो. मलाही हाताला धरून चढवलं.

"अडुसष्ट," मास्तर म्हणाला आणि ते वहीत लिहिलं.

"लिहितोस कशाला? पंचवीस वर्षं तेवढंच आहे," मी म्हणालो.

ते खरं होतं.

३

मंगळवारी घाट लागला. अकराच्या सुमारास मागचं चाक बसलं. रस्त्यावर सावली नाही. जॅक लावला, नट जाम झाले होते. ड्रमने मदत केली, पण तो पोरगा दोन मिनिटांत घामाने निथळून खाली बसला. मी दीड तास त्या चाकाशी झगडलो. उठलो तेव्हा डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. डबा उघडला तर अंड्यांना वास येत होता. फेकून दिली. पावाला बुरशी धरली होती, तोही फेकला. कांदा खाऊन माणूस घाट चढत नाही.

तेव्हा माझं वय अठ्ठावन्न होतं. थकवा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पण त्या दिवसाचा वेगळा होता. हातपाय आपले नाहीत, कुणाचे तरी सांभाळायला घेतले आहेत, असा.

तीन वाजता घाटमाथ्यावर एक खाणावळ दिसली. बसकी इमारत, लांब ओटा, ओट्यावर चार टेबलं. पुढे मोठं आवार, वीस गाड्या लागतील एवढं. आवारात एकही गाडी नव्हती.

"ही वहीत आहे का?" नातीने विचारलं.

मास्तरने पानं उलटली. "नाही."

"मग सरप्राइज टेस्ट," ड्रम म्हणाला आणि सगळ्यांच्या आधी उतरला.

ओट्यावर एक बाई मटार सोलत बसली होती. पन्नाशीची असेल. स्वच्छ अॅप्रन, हातावर पीठ. पोरांना तिने बसवलं, पाणी दिलं. सूप आणि ताजा पाव आहे, म्हणाली. मी गाडीकडे वळलो, तर मला म्हणाली, "तुम्ही आत बसा हो. दमलात."

"मी खात नाही," मी म्हणालो.

"डबा आहे?"

मी गाडीकडे बघितलं. बाईला उत्तर कळलं.

"ड्रायव्हरचं ताट असतं आमच्याकडे. फक्त ते कुणाच्या तरी वाट्यातून निघतं. तुम्ही चौघं आणलीत. कुणाच्या वाट्यातून काढू?"

मला वाटलं, बिलात लावणार. म्हणजे पोरांपैकी कुणाच्या तरी आईबापाच्या पैशाने मी जेवणार. ते मला मान्य नव्हतं. दुसऱ्याच्या पोराच्या वाट्याचं मी का खावं? मी ओट्याकडे बोट केलं.

"ती कोपऱ्यातली माझी नात आहे. तिच्यातून काढा. तिचं मी बघून घेईन."

"बरं," बाई म्हणाली.

हे माझ्या तोंडचे शब्द आहेत. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडात घातले नाहीत.

४

आतली खोली अरुंद होती. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर मेणकापड, अलीकडे एकच बाक. बाकावर बसलं की तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे. खिडकीची काच दुधी, त्यामुळे उजेड यायचा पण बाहेरचं काही दिसायचं नाही. शेजारी कुठेतरी नळ ठिबकत होता.

टेबलावर नऊ ताटं होती. आठ वाढलेली. सूप, पाव, ताटात उभा चमचा. आठही ताटांतून वाफ येत होती. नववं, दाराजवळचं, रिकामं होतं. बाईने ते माझ्यासमोर भरलं.

"बाकीचे कुठे गेले?" मी विचारलं.

"येतील," ती म्हणाली आणि गेली.

ड्रायव्हर लोक हात धुवायला गेले असतील, असं मी समजलो. मग मला आवार आठवलं. आठ ड्रायव्हर आणि गाडी एकही नाही. गाड्या मागे लावल्या असतील. मागे कडा होता, ते मी येताना पाहिलं होतं. पण भुकेला माणूस अशा हिशेबात फार वेळ राहत नाही. मी चमचा उचलला.

तसं जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. काय होतं त्यात ते सांगता येणार नाही. बटाटा असेल, कांदा असेल. पहिल्या घोटाला खांद्यातला ठणका गेला. दुसऱ्याला डोळे निवले. ताट संपलं तर बाई दारात उभीच होती. तिने दुसऱ्यांदा भरलं. मी नको म्हणालो नाही. दोन ताटं खाल्ली, पावाने पुसून खाल्ली.

तेवढ्या वेळात आत कुणी आलं नाही. पण मी उठलो तेव्हा बाकीच्या ताटांतली वाफ जशीच्या तशी होती.

निघताना मी खिशात हात घातला. बाई म्हणाली, "ड्रायव्हरकडून घेत नाहीत." एरवी मी टेबलावर पैसे आपटून निघालो असतो. त्या दिवशी वाद घालायचा कंटाळा आला. मी हात खिशातून काढला.

५

गाडी सुरू करून पहिलं वळण घेतलं तोवर मागे मार्क चालू झाले होते.

"शंभर," ड्रम म्हणाला. "यावर चर्चा नको."

"शंभर," काडी म्हणाली.

"अठ्ठ्याण्णव. शंभर मी कुणालाच देत नाही," मास्तर म्हणाला. "मॅडम?"

"शून्य."

"डोकं फिरलंय का हिचं?"

"चवच नव्हती. गरम पाणी प्यायल्यासारखं लागलं. आणि भूक तशीच आहे माझी. आबा, पुढे काही मिळेल का?"

"आत्ता तर उठलीस ताटावरून," मी म्हणालो.

"हो ना. खादाड झालेय."

संध्याकाळी खाली शहरात पोचलो. तिथे भाजलेलं मांस खायचं ठरलं होतं. मी गाडी समोरच लावून सीट मागे टाकून पडलो. काचेतून पोरं दिसत होती. नातीने एक प्लेट संपवली, दुसरी मागवली, मग काडीची उरलेली घेतली. ड्रमने तिला हात जोडले.

मला ढेकर आली.

मी दुपारपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. ढेकर मांसाची होती. मसाल्याची, जळक्या चरबीची. पोट तट्ट फुगलं होतं, पट्टा एक भोक सैल करावा लागला. म्हातारपणी पित्त होतं, वास नाकात बसतात. समोर शेगडी पेटलेली, धूर गाडीत येत होता. मी काच वर केली.

तिथल्या बस स्थानकावरच्या यंत्रावर पुन्हा वजन झालं. ड्रम एक किलो वर. काडी, मास्तर होते तिथेच. नात पंचेचाळीस.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली. तोवर ती तिसरा पाव खात होती. "आबा, चढा बरं. तुमचं पंचवीस वर्षांचं फिक्स आहे ना."

मी चढलो. तिकिटावर सत्तर होतं.

"बघा, बिघडलंय," ती म्हणाली. सगळी हसली. मीही मान हलवली.

६

बुधवारी सकाळी नात उठली तेव्हा तिच्या गालांची हाडं दिसत होती. मला वाटलं, उजेडाचा खेळ. मग तिने घड्याळाचा पट्टा आवळला आणि तो तरीही मनगटावर फिरला.

त्या दिवशी मिठाईचं दुकान होतं. वहीत त्याला दोन चांदण्या होत्या. नात बसल्या बसल्या खायला लागली आणि बोलेनाशी झाली. मार्क नाहीत, हुकूम नाहीत. नुसती खात होती, डोळे ताटावर. थोड्या वेळाने काडी माझ्याकडे गाडीपाशी आली. घाबरली होती.

"आबा, ती थांबतच नाहीये. आणि रडतेय. म्हणते, पोटात काही जातच नाही."

मला त्या वेळी बोलणं कठीण होतं. माझ्या तोंडात साखरेचा पाक होता. दाट, गुलाबाच्या वासाचा. जीभ टाळूला चिकटत होती.

मी तिथल्या एका दवाखान्यात तिला नेलं. डॉक्टरीण तरुण होती, नीट बोलणारी. तिने काट्यावर उभं केलं. बेचाळीस.

"आधी किती होतं?"

"परवा सत्तेचाळीस," मास्तर म्हणाला आणि वही पुढे केली.

"दोन दिवसांत पाच किलो? असं होत नसतं," डॉक्टरीण म्हणाली. सलाइन लावलं, रक्त तपासायला घेतलं. "आजोबा, घरच्यांना बोलावून घ्या."

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "उन्हात फिरवू नका म्हटलं होतं ना!" आणि मग रडायला लागली. दुपारच्या बसने निघते, म्हणाली.

खोलीत कुणी नव्हतं तेव्हा मी त्या काट्यावर उभा राहिलो. त्र्याहत्तर.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण बेरीज येते. अडुसष्ट आणि सत्तेचाळीस, एकशे पंधरा. सत्तर आणि पंचेचाळीस, एकशे पंधरा. त्र्याहत्तर आणि बेचाळीस.

तरी माझा विश्वास बसला नाही. मी मास्तरला बाजूला घेतलं. त्याला म्हटलं, "मी बाहेर जाऊन गाडीत काचा लावून बसतो. तू आत जा. तिच्या जिभेवर काहीतरी ठेव. काय ते मला आधी सांगू नकोस."

"कशाला, आबा?"

"सांगतो ते कर."

गाडीत बसलो. डोळे मिटले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकल दुरुस्त करत होतं, चाक फिरल्याचा आवाज येत होता. बराच वेळ काही झालं नाही. माझं मन हलकं व्हायला लागलं. आणि मग तोंडभर मीठ. असं की मी दार उघडून थुंकलो. थुंकीत काही नव्हतं.

मास्तर पायऱ्यांवर आला होता. मी विचारलं, "मीठ?"

त्याने मान डोलावली. त्याचा चष्मा घसरला होता, तो त्याने वर केला नाही.

"तिला कळलं का?"

"नाही," तो म्हणाला. "तिला काहीच लागलं नाही."

७

गुरुवारी पहाटेच लेक पोचली. तिच्या ताब्यात पोरं देऊन मी निघालो. जाताना पाव घेतला, बटाटे, कांदे, मीठ. का घेतलं तेव्हा मला सांगता आलं नसतं. जिथे जायचं तिथे आपला डबा घेऊन जावा, एवढंच.

घाट चढताना मला झोप येत होती. भरल्या पोटाची झोप. लेक नातीला दूधभात भरवत असणार, ते मला लागत होतं. प्रत्येक घासाला मला माझीच किळस येत होती.

दहा वाजता पोचलो. आवार रिकामं. बाई ओट्यावर मटार सोलत होती.

"या," ती म्हणाली.

मी खिशात होतं तेवढं सगळं तिच्यासमोर ठेवलं.

"ड्रायव्हरकडून घेत नाहीत," ती म्हणाली. रागाने नाही. चुकीच्या बसमध्ये चढलेल्या माणसाला सांगावं तसं.

"मग काय घेता?"

"आम्ही कुठे काय घेतलं? तुम्हीच घेतलंत."

"मला ते परत करायचं आहे."

तिने एक शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. "फार कमी लोक येतात परत करायला. थकलेले असतात. ताटातलं ताटात परत यायला हवं. जेवढं खाल्लंत तेवढं."

"दोन ताटं."

"दोन. आमची चूल घ्या हवी तर. भाजी आहे, तूप आहे."

"माझं मी करीन," मी म्हणालो.

स्टोव्ह आवारात मांडला. तिच्या नळाचं पाणी घेतलं नाही, माझ्या कॅनमधलं घेतलं. बटाटे सोलले, कांदे चिरले. वारा होता, स्टोव्ह दोनदा विझला. सूप कसं करतात मला नीट ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात मी तिला जे पातळ करून घालायचो, तेच केलं. ती नाक मुरडायची आणि प्यायची.

चव घेऊन बघितली. मला काही लागलं नाही. जीभ माझी राहिली नव्हती. मीठ अंदाजाने टाकलं.

उतरवलं तेव्हा पातेल्यात सात पळ्या सूप होतं. जास्त असावं, असं वाटलं.

८

दार लोटलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो.

बाकावर माणसं होती.

पाठमोरी, भिंतीकडे तोंड करून, खांद्याला खांदा लावून. आठ ताटांपुढे आठ. ड्रायव्हर नव्हते ते. ड्रायव्हरची पाठ मला ओळखता येते. एक म्हातारी होती, अंबाड्याचा पीळ सुटलेली. एक लग्नाच्या कपड्यातली मुलगी. एक जाडा माणूस असावा, कारण त्याचा कोट जाड्या माणसाचा होता, पण आत खांद्यांची नुसती खुंटी होती. टोकाला एक लहान मूल, पाय जमिनीला न पोचणारं. त्यांची ताटं रिकामी होती, लख्ख. प्रत्येक जण चमचा ताटावर ओढत होता. सगळे एकदम नाही, ज्याचा तो. खर्र. खर्र. परवा नळ ठिबकल्यासारखा वाटला होता तो हाच आवाज होता का, मला सांगता येणार नाही.

नवव्या जागी माझी नात बसली होती.

ती तर दवाखान्यात होती, आईजवळ. ते मला माहीत होतं. पण उजवा पाय मुडपून त्यावर बसायची सवय मी तिला दोन वर्षांची असल्यापासून सोडवू पाहत होतो. मानेवरचा तीळ होता तिथे होता. ती मागे वळली नाही. वळू नको, असं मी मनात म्हणत होतो.

मी तिच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि ताटात पळी ओतली. एक, दोन, तीन. शेजारी पाव ठेवला.

चमच्याचा आवाज बदलला. ती खायला लागली.

पहिल्या घोटाला माझ्या पोटात काहीतरी सैल झालं. फुगलेल्या चाकातली हवा सोडावी तसं, हळूहळू. ताट संपलं. मी परत ओतलं. चार, पाच. पातेल्यात दोन पळ्या उरल्या.

तेव्हा बाकीचे चमचे थांबले.

कुणी तोंड वळवलं नाही. पण मेणकापडावरून ताटं सरकत माझ्याकडे आली. म्हातारीचं आलं. लग्नातल्या मुलीचं आलं, बांगड्यांच्या हातासकट. सगळ्यात शेवटी त्या टोकाच्या पोराचं ताट आलं, हातोहात पुढे ढकललेलं. त्याने नुसती बोटं वर धरली होती, शाळेत हजेरीला धरतात तशी.

मी पातेल्यात बघितलं. दोन पळ्या.

परवा मी दोन ताटं खाल्ली होती. काठोकाठ, आणि पुसून. माझ्या तीन पळ्यांचं तिचं एक ताट भरलं होतं. दुसऱ्यात दोनच पडल्या होत्या. एक तिची होतीच. दुसरी जास्तीची होती का? पळीला माप नसतं. बाईने मला वरपर्यंत वाढलं होतं की बोटभर कमी, ते मी तेव्हा बघितलं नव्हतं. मी खात होतो.

बोटं तशीच वर होती.

"त्याला कुणी आणलं?" मी विचारलं. माझा आवाज मला मोठा वाटला.

दारातून बाई म्हणाली, "असाच एक. दमलेला."

मी पातेलं तिरकं केलं आणि दोन्ही पळ्या माझ्या नातीच्या ताटात ओतल्या. तळाला होतं ते बोटाने काढून तेही ओतलं. मी एकाचंच देणं लागत होतो. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि तेव्हापासून सांगत आलो आहे.

तिने ते संपवलं. पाव फिरवून ताट पुसलं. मला भूक लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा, माझी स्वतःची, पोट पाठीला लागल्यासारखी. मी पाठ न वळवता मागे मागे आलो आणि दार ओढून घेतलं. आत पुन्हा चमचे सुरू झाले. आठ होते की नऊ, मोजायला थांबलो नाही.

बाईने ओट्यावरून मान वर केली नाही. मी स्टोव्ह गाडीत टाकला. तिसऱ्या वळणावर फोनला रेंज आली आणि तो लगेच वाजला. लेक होती.

"आबा, कुठे आहात तुम्ही? ती उठून बसलीय. तिला चव लागतेय म्हणते. दूध खारट झालंय म्हणून मास्तरवर ओरडली. आबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय," मी म्हणालो.

मी गाडी कडेला घेतली, पातेलं उतरवलं, उरलेल्या पाण्याने घासलं. देणं फिटलं होतं.